मंगळवारी नऊ ते अकरा

१० ऑक्टोबर २०२३, मंगळवार

एक मिनिट! तीस वर्षं कापसात घातली आणि ओळख करून द्यायला एक मिनिट. "नमस्कार, मी श्रीकृष्ण पांढरीपांडे, यवतमाळ" — नावातच पाच सेकंद गेले. पुढचं शाल्मलीने कागदावर लिहून दिलं होतं, ते वाचलं. मी शेतकरी आणि जिनिंग यांना जोडतो, मला चांगल्या सूतगिरण्यांची ओळख हवी आहे. शेवटी हसायचं, असंही तिने लिहिलं होतं. हसलो. बाकीच्या एक्केचाळीस चौकोनांतले लोकही हसले. टाइल्सवाला, विमावाला, लग्नाचे फोटो काढणारा, आत्मविश्वास वाढवून देणारी पुण्याची एक बाई. ह्याला म्हणे 'व्यापारवर्तुळ'! दर मंगळवारी नऊ ते अकरा. फोन खिडकीत टेकवायचा, मागे धुतलेला पडदा लावायचा आणि धंदा वाढायची वाट पाहायची.

पोरगी पुण्याच्या कंपनीचं काम इथे माडीवर बसून करते. त्यामुळे माझं काम कसं चालतं तेही तिला रोज दिसतं. "बाबा, तुम्ही अजून एसटीने गावोगाव चहा पीत फिरता!"

फिरतो. चहाच पीत फिरतो. त्यात खोटं काय आहे?

११ ऑक्टोबर

जिनिंगवर, कापसातून सरकी काढायच्या कारखान्यावर, गेलो होतो. मालक बापूजी आवारात एकटेच उभे. दसरा तोंडावर आला आणि आवारात सरकीचं बी नाही. गेल्या हंगामात लोकांनी भाव वाढेल म्हणून कापूस घरात कोंडला, अंगाला खाज सुटेपर्यंत त्याच्याच बाजूला झोपले, आणि शेवटी पडेल भावात काढला. यंदा पुन्हा बोंडात अळी. बापूजी माझ्याकडे न पाहता बोलले — "पांडेजी, मुकुटबन आलं तं सीझन आला. नही तो तुम भी घर, मैं भी घर."

मुकुटबन गाव म्हणजे मारोतराव. तो काही व्यापारी नाही, शेतकरीच. पण तो ज्याच्या गाडीत पहिलं गाठोडं टाकतो, त्याच गाडीत सारं गाव टाकतं. बावीस वर्षं ती गाडी मी बापूजींच्या जिनिंगवर आणली. पहिल्या वर्षी गेलो तेव्हा त्याने मूठभर कापूस पुढे केला, बोलला काही नाही. मी धागा ओढून पाहिला, सरकी दाताखाली धरली. कट् वाजली. म्हटलं, ओल नाही. "अन् रात्री पाणी मारलं असतं तं?" मग वाजली नसती, म्हटलं. तो हसला, आणि इंदुताई — त्याची बायको — दाराआडून चहा घेऊन आल्या. झाला सौदा. त्यानंतर कधी सौदा म्हणून केलाच नाही.

त्याच्या गावातल्या किती जणांना मी इथल्या दवाखान्यात नेलं असेल! फोन यायचा, मी स्टँडवर जायचो, चिठ्ठीच्या रांगेत उभा राहायचो, डॉक्टरला दुखणं समजावून सांगायचो. पोरांचे दाखले, तहसील, चष्मे. "हे नेटवर्किंग नाही बाबा, हे फुकटचं काम आहे," इति शाल्मली. असेल. पण दुसरं मला येत नाही. आणि मुकुटबन हातचं गेलं तर मी दलाल राहत नाही, निवृत्तही होत नाही — नुसता घरी बसलेला माणूस होतो. ह्याचीच भीती वाटते.

१५ ऑक्टोबर

फोन साफ झाला! शाल्मलीने बसून केला. सात सुविचारवाले गट, पाच भावबंद, आणि मारोतराव. हो, मारोतरावसुद्धा! गेली तीन वर्षं रोज सकाळी साडेसहाला त्याचं गुलाबाचं फूल येतं, 'शुभ सकाळ', आणि हंगाम असला की खाली तळहातावर कापूस ठेवून काढलेला फोटो. ह्या दगडाला गुलाब सुचेल असं मला कधी वाटलं नव्हतं. गंमत म्हणून बायकोला, मंजुषाला दाखवायचो. पण रोज! आता हे सगळे एका कप्प्यात गेले, आवाज बंद.

"कामाचं असेल तर फोन करतीलच ना." बरोबर आहे.

१७ ऑक्टोबर

आज गळा बसला नाही. अठ्ठावन्न सेकंद.

२४ ऑक्टोबर, दसरा

बावीस वर्षांत पहिला दसरा घरी. एरवी सकाळच्या गाडीने मुकुटबन, मारोतरावला सोनं द्यायचं, इंदुताईंच्या पुरणपोळ्या, मग शेतात जाऊन पहिला वेचा पाहायचा. यंदा दसरा मंगळवारी आला! वर्तुळात हजेरी चुकली की गुण कापतात. बेचाळीस जणांनी स्क्रीनसमोर आपट्याचं पान धरलं. विमावाल्याने तर बोरीचं धरलं होतं, मला लांबूनही दिसलं.

मारोतरावला पानाचं चित्र पाठवलं. 'सोनं घ्या, सोन्यासारखे राहा.'

मात्र एक खरा माणूस मिळाला आज. साकेत, पुण्याचा. दक्षिणेतल्या गिरण्यांसाठी विदर्भातला कापूस शोधतो आहे म्हणाला. "सर, तुमच्यासारख्या जमिनीवरच्या माणसाच्याच शोधात होतो." पुढच्या मंगळवारी मला दहा मिनिटं दिली आहेत, एकट्याला! बापूजींना सांगितलं तर ते म्हणाले, "हाथ मिलाया क्या उससे?" म्हटलं, स्क्रीनवर कसा मिळवू? "तो फिर मिला नहीं."

जुना माणूस.

३१ ऑक्टोबर, मंगळवार

दहा मिनिटं बोललो. छान बोललो! धागा, ओल, मुकुटबनची काळी जमीन, बावीस वर्षांचा शब्द. शाल्मली दारात उभी राहून अंगठा दाखवत होती. ऐन बोलण्यात फोन वाजला — स्क्रीनवर भलं मोठं 'मारोतराव मुकुटबन'. मी त्याच्याचबद्दल बोलत होतो आणि तोच वाजत होता! कापला. पुन्हा वाजला, पुन्हा कापला. साकेत म्हणाला, "सर, डिमांड दिसते आहे तुम्हाला!" सगळे हसले.

मग ह्याच्याशी एकट्याशी बोल, त्याच्याशी एकट्याशी बोल, असं करता दुपार झाली. मारोतरावला उलट फोन लावायचा राहिला. भावाचंच असणार. भाव काही मी वाढवू शकत नाही.

१ नोव्हेंबर

मारोतरावला लावला. बंद. तिकडे रेंजची बोंबच असते.

१३ नोव्हेंबर

दिवाळी. शुभेच्छा तीनशे चौदा. फराळाला आलेली माणसं चार, त्यात दोन भाडेकरू.

२१ नोव्हेंबर, मंगळवार

इंदुताई गेल्या.

साडेआठला रूपसिंगचा फोन. मुकुटबनजवळच्या तांड्यावरचा, आमचा कापूस ह्याच्याच पिकअपने येतो. "भाऊ, मारोतरावची बाई गेली ना. पहाटंच. पोटात लय दिसापासून दुखून राह्यलं होतं. दुपारी नेतीन मातीले." मंजुषाने काही न विचारता कपाटातून पांढरा सदरा काढून खुर्चीवर ठेवला. "साडेनऊची मिळेल. निघा."

नऊला साकेतने गिरणीच्या लोकांना आणलं होतं. तीन आठवडे ह्यासाठी धडपडत होतो. मंजुषाला म्हटलं, अर्ध्या तासाचा प्रश्न आहे, मग वणीपर्यंत गाडी करून जातो. अर्ध्या तासाचे साडेतीन तास झाले. गिरणीच्या लोकांनी कॅमेरे बंदच ठेवले होते, नुसते आवाज. साडेबाराला निघून काय मिळणार होतं? राख.

मारोतरावला निरोप पाठवला. काळ्या पाटीवर समई, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली. ताईंच्या आत्म्यास शांती लाभो. आपल्या दुःखात सहभागी आहोत. लवकरच भेटतो — श्रीकृष्ण'.

पांढरा सदरा मंजुषाने घडी घालून परत ठेवला. बोलली असती तर बरं झालं असतं.

२२ नोव्हेंबर

उद्या नक्की.

२४ नोव्हेंबर

निरोपावर दोन खुणा आहेत, पण निळ्या झाल्या नाहीत. पोचला आहे. वाचलेला नाही.

२८ नोव्हेंबर

रविवारपासून अवकाळी. गारासुद्धा. उभ्या कपाशीतली बोंडं भिजून काळी पडली असतील. रस्त्यावर झाडं पडली आहेत, मंजुषाची बँक, माझा गुडघा. एकेक कारण खरं आहे. सगळी मिळून खोटी आहेत.

माझ्या चहाच्या फेऱ्यांवर पोरगी हसते म्हणून मी रागावतो, आणि आयुष्यात एकदाच जिथे चहाशिवाय नुसतं जाऊन बसायचं होतं तिथे गेलो नाही. आपल्याकडे माणूस दुसरं काय करतो? जातो, ओसरीवर बसतो, पाणी घेतो, उठतो. एवढंच! त्याला शब्दही लागत नाहीत. आणि मी शब्द पाठवले.

३ डिसेंबर, रविवार

आज तेरवी. सदरा घालून स्टँडवर गेलो. गाडी लागायची होती. तेवढ्यात रूपसिंग दिसला, कुणाचा तरी सोयाबीन उतरवून परत निघाला होता. "तेरवीले का? चला ना भाऊ गाडीत." बसलो. चावी फिरवायच्या आधी तो थांबला.

"एक गोष्ट सांगू का, राग नोका मानू. पानठेल्यावर लोकं बोलून राह्यले. दलाल मातीले नाही आला, पण तेरवीले येईनच म्हणे. कापूस अजून घरातच हाय ना."

उतरलो. गुडघा दुखतो म्हटलं.

धंदा ज्यांच्या हाताखाली शिकलो ते भीमसिंगजी सांगायचे, दुःखाच्या घरी कापसाचं नाव काढायचं नाही. ओसरीत ढीग असला तरी नजर तिकडे जाऊ द्यायची नाही. त्या घरी मातीला गेलेला दलालच पुढे महिनाभराने कापसाला जाऊ शकतो. पहिलं केलंच नसेल तर? भीमसिंगजींनी ते सांगितलं नव्हतं. त्यांना वाटलंच नसेल असं कोणी करेल.

आता गेलो तर कापसासाठी गेलो. नाही गेलो तर नाहीच गेलो. रोज एक दिवस पुढे सरकतो आणि रोज माझं तोंड थोडं अधिक काळं होतं. ह्याच्यातून वाट दिसत नाही.

१२ डिसेंबर, मंगळवार

साकेतने पत्ते उघडले. कापूस नको आहे त्याला! त्याचा एक अभ्यासक्रम आहे — 'गिरण्यांपर्यंत थेट पोहोचा', सहा महिने, प्रमाणपत्रासह. तो मला विकायचा होता. त्या दिवशी ज्यांना मी गिरणीचे लोक समजलो ते दोघे त्याचे आधीचे विद्यार्थी. एकाचे माग बंद पडलेले. दुसरा सुताचा दलाल, माझ्यासारखाच, गिऱ्हाइकाच्या आशेने आलेला. दोघेही त्या दिवशी मला काहीतरी विकायचं म्हणून बसले होते, मी त्यांना. साडेतीन तास!

साकेतवर रागावताही येत नाही. गोड पोरगा आहे. म्हणाला, "सर, आपलं नातं पैशापलीकडचं आहे."

बेचाळीस चौकोन. बेचाळीस दुकानं. गिऱ्हाईक एकही नाही. आणि ह्या लोकांसाठी मी तो सदरा खुर्चीवरच राहू दिला. शाल्मली रडवेली झाली. "बाबा, सॉरी." तिचं काय चुकलं? तिने मला खिडकी उघडून दिली. दारातून जाऊ नका असं कुठे म्हणाली होती?

१९ डिसेंबर, मंगळवार

आज फोन खिडकीत टेकवला नाही. नऊ ते अकरा काय करायचं ते सुचेना. पडदा काढून धुवायला टाकला.

२६ डिसेंबर

बापूजींचा निरोप म्हणून गेलो. मुकुटबनला तीन जणांच्या गाड्या जाऊन आल्या. वणीचे, पांढरकवड्याचे. मारोतरावने तिघांना पाणी पाजून परत पाठवलं. त्याचा नाही म्हणून गावाचाही नाही. गावातल्या घराघरात कापूस भरला आहे, माणसं ओसरीत झोपतात.

"किसके लिए रखा है उसने?" बापूजी माझ्याकडे पाहत राहिले.

माझ्यासाठी. दुसरं काय. मी येतो का, आलो तर कुठल्या तोंडाने येतो, हे पाहायचं आहे त्याला. गावाला दाखवायचं आहे. असं लिहिताना लाज वाटते, कारण मारोतराव असा माणूस नाही. पण मग का? का अडवून बसला आहे? एकदा शिव्या घालून मोकळा हो ना बाबा!

१ जानेवारी २०२४

नववर्षाचे निरोप दोनशेच्या वर. मुकुटबनचा नाही. मी पाठवायला घेतला, चार वेळा लिहिला, चार वेळा पुसला. ज्या घरात सुतक असताना गेलो नाही, तिथे 'नवीन वर्ष सुखाचं जावो' कसं लिहू?

८ जानेवारी

आज धीर करून फोन लावला. वाजला. पूर्ण वाजून बंद झाला. पुन्हा लावला, पुन्हा पूर्ण वाजला. उचलत नाही. निरोपाच्या खुणा अजून करड्याच. दीड महिन्यात उघडूनसुद्धा पाहिला नाही — एवढा राग!

मंजुषा म्हणाली, "राग असेल तर बरंच आहे की. जाऊन ऐकून घ्या."

"कापूस घरात असताना कसा जाऊ?"

"मग कापूस जाऊ द्या."

बँकेचा डबा भरता भरता बोलली. झाकण लावलं आणि गेली.

११ जानेवारी

कापूस जाऊ दिला.

रूपसिंगला सांगितलं, मारोतरावला निरोप दे — माझी वाट पाहू नका, ज्याला वाटेल त्याला घाला, माझ्याकडून मोकळे आहात. रूपसिंग म्हणाला, "काहून भाऊ? तुमचा धंदा बसन ना." बसू दे. मग बापूजींकडे गेलो आणि त्यांच्या तोंडावर सांगितलं की मुकुटबन येणार नाही, मीच सोडलं. वाटलं ओरडतील. ओरडले नाहीत. चहा मागवला.

घरी येऊन झोपलो. दिवसाढवळ्या, पाय न धुता. काही शिल्लक राहिलं आहे असं वाटत नाही. धंदा गेला ह्याचं वाईट वाटायला हवं होतं, ते एवढं वाटलं नाही. ज्या कामात मी बरा माणूस होतो ते काम गेलं. ह्याच्यापुढे मी बरा आहे हे कुणाला कशावरून कळणार? मला तरी?

१६ जानेवारी, मंगळवार

रूपसिंगचा फोन. काल संक्रांत झाली, आज वणीच्या माणसाच्या गाड्या लागल्या. मारोतरावचा भरला, मागोमाग गावाचा. "शेवटचं गाठोडं त्यानं हातातच धरलं होतं ना भाऊ. रस्त्याकडं पाहून राह्यला होता. मंग टाकलं."

१८ जानेवारी, गुरुवार

जाऊन आलो.

सकाळच्या गाडीने गेलो. पांढरा सदरा. स्टँडपासून घरापर्यंत चालताना पानठेल्यावरचे लोक वळून पाहू लागले. पाहू दे. आता माझ्या येण्यात कुणाला कापूस दिसणार नव्हता.

ओसरी रिकामी. भिंतीच्या खडबडीत गिलाव्याला कापसाचे पुंजके चिकटून होते, छातीच्या उंचीपर्यंत. एवढा ढीग होता तर. मारोतराव खाटेवर बसलेला. दाढी वाढलेली, अर्धा झालेला. मला पाहून उठला, तांब्या भरून आणला, पुढे केला. मी पाणी घेतलं. बसलो. तोही बसला. मी ज्याची दोन महिने भीती घेतली ते एवढंच होतं.

मग त्यानेच तोंड उघडलं. मी शिव्यांची तयारी ठेवली होती.

"तब्येत बरी हाय ना आता तुमची?"

मला कळेना. म्हटलं, माझी?

"घरची म्हणे ना, भाऊ बिमार असतीन. नाही तं भाऊनं फोन उचलला नाही, असं होत नाही. जाईपर्यंत तेच म्हणे. तुमचं बरं झाल्यावर एक डाव यवतमाळले जाऊन पाहून या म्हणे. मले काही जमलं नाही."

मी काय केलं? मान हलवली! हो म्हटलं, बरं नव्हतं. ह्या तोंडाने.

"कापूस भाऊच्याच गाडीत टाकजा, असं सांगून गेली. म्हणून ठेवला होता. मंग रूपसिंगानं तुमचा निरोप सांगतला. म्हणलं, लयच बिमार हाय माणूस. तुम्हाले त्रास नको म्हणून देऊन टाकला." आणि वर मलाच विचारतो — "रागावले तं नाही ना?"

मी रडलो. तोही रडला. त्याला वाटलं मी इंदुताईंसाठी रडतो आहे. त्यांच्यासाठीही रडत होतोच.

मग त्याला काहीतरी आठवलं. आत जाऊन फोन घेऊन आला, फडक्यात गुंडाळलेला. "हे पाहा बरं. बाजूची सून चार्जिंग करून देते. वाजते मधामधात, पण उचलाचं कसं मले समजत नाही. बोट सरकवा लागते म्हणे. अन् हे वर आकडा येऊन राह्यला, कायचा हाय? तिचाच फोन होता हा. मी तं फक्त ते लावून दे तं बोलो. तुम्हाले फूल-गिल धाडे ना रोज ते! मी म्हणो, कायले त्या माणसाले सकाळी सकाळी. तं म्हणे, भाऊले बरं वाटते."

उघडला. सगळ्यात वर माझंच नाव. 'श्रीकृष्ण भाऊ यवतमाळ'. काळी पाटी, समई.

"कोणाचं हाय?"

"माझंच."

"वाचा ना."

वाचलं. त्यांच्याच घरात, त्यांच्याच फोनवरून, 'ताईंच्या आत्म्यास शांती लाभो' मी मोठ्याने वाचलं. 'लवकरच भेटतो'सुद्धा वाचलं. मारोतराव डोळे मिटून ऐकत होता. "चांगलं लिहिलं भाऊ. तिले आवडलं असतं."

निरोपाच्या वर कापसाचा एक फोटो अर्धा दिसत होता. तळहातावर बोंड उमललेलं, आणि मनगटाशी हिरव्या बांगड्या. आणखी वर सरकवायचा धीर झाला नाही. बहुधा प्रत्येक फोटोत त्या बांगड्या असणार. तीन वर्षं मी कापूस पाहत होतो, धागा कसा आहे, डाग आहे का. हात कोणाचा ते पाहिलं नाही.

चहा बाजूच्या घरून आला. घेतला. निघताना तो स्टँडपर्यंत पोचवायला आला आणि गाडी हलेपर्यंत उभा राहिला.

१९ जानेवारी

तो बंद कप्पा आज उघडला. गुलाब, गुलाब, कापूस, बांगड्या. त्यांच्यात एकच आवाज, न ऐकलेला, एकोणीस सेकंदांचा. मागे गाड्यांचे भोंगे, आणि इंदुताई थांबून थांबून बोलताहेत —

"भाऊ, आम्ही यवतमाळच्या स्टँडवर हाओ. तुमचा फोन लागून नाही राह्यला. पोटाचं दाखवाचं होतं, याईले दवाखान्यातलं काही समजत नाही. घाई नाही. कामात असान तं काम करून या. आम्ही बसलो हाओ."

एकतीस ऑक्टोबर, मंगळवार, नऊ वाजून पंचेचाळीस. स्टँड आमच्या घरापासून पायी सात मिनिटांवर आहे.